मुंबई, पुणे, मिरज आणि गोव्यातली सुरुवातीची शस्त्रक्रिया व तिचं शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्जरीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी मी दरवर्षी एक तास इतिहासाला देत असे. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून निम्मे बाक रिकामे राहायचे. पण जे बसायचे ते नंतर जिन्यात गाठून विचारत राहायचे. निवृत्तीनंतर वैद्यकाशी काही संबंध नसलेली मंडळीही तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. मुलूख आपला, म्हणजे जुना मुंबई इलाखा आणि गोवा, एवढाच घेतला आहे.

पुण्यात कापलेलं नाक पुन्हा बसवलं होतं, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि सालासकट सांगता येते. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके फौजा घेऊन दक्षिणेत उतरले होते. त्याच लढाईत, १७९२ साली, इंग्रजी फौजेच्या बैलांवर कावसजी नावाचा गाडीवान होता. जुन्या वृत्तांतात त्याला शेतकरी जातीचा मराठा म्हटलं आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं, त्याचं नाक आणि एक हात कापला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं.

टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली. पुण्यात आलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात ‘बी. एल.’ अशा सहीचं पत्र चित्रासह छापून आलं आणि युरोपातल्या सर्जनांना या गोष्टीचा पत्ता लागला. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये याच पद्धतीने नाक केलं. त्याआधी त्याने प्रेतांवर सराव केला होता. १८१६ मध्ये त्याने आपल्या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिलं.

त्या माणसाने नेमकं काय केलं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण वर्णन इतकं नेटकं आहे की आजचा सर्जन ते वाचून हात चालवू शकेल.

आधी मेणाची पातळ पट्टी घेऊन ती नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवायची आणि तिला नाकाचा आकार द्यायचा. मग ती काढून सपाट करायची आणि कपाळावर ठेवून कडेने रेघ मारायची. कपाळावरच्या कातडीचा केवढा तुकडा लागेल हे त्या रेघेवरून ठरतं. रेघेबरहुकूम कातडी सोडवायची, पण पूर्ण कापून काढायची नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची. नवा जोड धरेपर्यंत रक्त त्या पट्टीतूनच येतं. सगळी कमाल तिथे आहे. पट्टी तुटली तर कातडी काळी पडून मरते.

नंतर खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा, त्याच्या मागे नाकपुड्यांच्या कडेने वरच्या ओठापर्यंत चीर द्यायची. कपाळावरची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या चिरेत बसवायची. टाका नाही. पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. होय, विड्याला लावतो तोच कात. तो तुरट असतो आणि वाळला की घट्ट धरतो. चार दिवस पट्टी हलवायची नाही. नंतर तुपात भिजवलेली फडकी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी तोडायची आणि आकार नीटनेटका करायचा.

आता आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काय चालतं ते सांगतो. नाकाचा माप-नमुना करायला आम्ही टाक्याच्या दोऱ्याच्या पाकिटाचा चकचकीत कागद वापरतो. तो बोटाने दाबून खुंटावर बसवतो, सपाट करतो, कपाळावर ठेवून जांभळ्या पेनने कडेने आखतो. कातडी भुवईजवळच्या रक्तवाहिनीवर जिवंत ठेवतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात देठ तोडतो. मी पहिल्यांदा हा नमुना कापत होतो तेव्हा समोरच्या सिस्टरना मेणाची गोष्ट सांगितली होती. त्यांनी कात्री पुढे करत एवढंच विचारलं, “मग त्याच्याकडे भूल होती का?”

भूल होती का?

नव्हती. ईथरची जाहीर भूल बोस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये दिली गेली, क्लोरोफॉर्म एडिंबरामध्ये नोव्हेंबर १८४७ मध्ये आलं. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रोग्याला खाऊ घालावं आणि पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य द्यावं असं सांगितलं आहे, म्हणजे वेदना बोथट करायची धडपड जुनी आहे. पण कपाळाची कातडी सोलली जात असताना कावसजी जागा होता, हे वाचकाने विसरू नये. अशा वेळी सर्जनची पहिली कसोटी झपाट्याची असे.

हे सुश्रुताचंच तंत्र होतं ना?

तत्त्व तेच, पण जागा वेगळी. सुश्रुतसंहितेत नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्यायला सांगितलं आहे, आणि कातडी गालाच्या बाजूची. ती नाकावर बसवून, श्वास चालावा म्हणून दोन नळ्या घालून, वर पतंग नावाच्या झाडाचं लाल लाकूड, ज्येष्ठमध आणि रसांजन म्हणजे दारुहळदीचा अर्क यांचं चूर्ण भुरभुरायचं, पांढऱ्या कापसाने झाकायचं आणि तिळाच्या तेलाने वारंवार भिजवायचं. पुण्यात पानाच्या जागी मेण आलं, गालाच्या जागी कपाळ आलं.

मला हा बदल फार मोलाचा वाटतो. कपाळाची कातडी नाकाच्या रंगाशी जुळते आणि तिला रक्तपुरवठा भरपूर असतो. पानापेक्षा मेण वळवता येतं, शिवाय माती-विटांचं काम करणाऱ्याच्या हाताला साचा आणि आकार सवयीचेच. ग्रंथात नसलेली सुधारणा कुणीतरी कामातून शोधून काढली आणि पुढच्या हाताला दिली. या विद्येचं श्रेय नुसतं ग्रंथाला दिलं तर अशा हातांवर अन्याय होतो.

त्या माणसाचं नाव काय?

पत्रात नाव नाही. रोग्याचं नाव आहे, पाहणाऱ्या दोघा डॉक्टरांची आहेत, चित्रकाराचंही माहीत आहे. ज्याने शस्त्र धरलं त्याची फक्त जात लिहिली आहे. मी प्रत्येक वर्गात हे सांगत आलो आणि प्रत्येक वेळी मनाला लागतं.

प्राचीन काळी शस्त्रकर्म शिकवत कसं?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सरावासाठी एक अख्खा अध्याय आहे. माणसावर हात टाकण्याआधी कशावर काय शिकायचं ते तिथे सांगितलं आहे. कापायला कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी. भेदन म्हणजे फोडण्यासाठी पाण्याने किंवा चिखलाने भरलेली पखाल वा मूत्राशय. खरवडायला केसाळ ताणलेलं कातडं. शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर आणि कमळाचा देठ. जखमेत सळई घालून शोध घ्यायला किड्याने पोखरलेलं लाकूड, वेळू. ओढून काढायला फणसाचा, बेलाचा गर आणि मेलेल्या जनावराचे दात. शिवायला जाड-पातळ कापडं आणि मऊ कातडी. पट्टी बांधायला कापडाचा पुतळा. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात शवाचंही सांगितलं आहे: प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि कुजल्यावर वाळ्याच्या वगैरे कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा.

आम्ही हॉस्टेलवर कॉटच्या दांड्याला दोरा बांधून एका हाताने गाठ मारायला शिकलो आणि केळ्याच्या सालीवर टाके घातले. साल फाटली तर टाका जास्त ओढला, हे कुणी सांगावं लागत नसे. किती जुन्या पंगतीत आपण बसलोय हे मला फार उशिरा कळलं.

त्याच ग्रंथात नुसतं शास्त्र पाठ असलेला आणि नुसता हात चालणारा, या दोघांना एका पंखाच्या पक्ष्यासारखे म्हटलं आहे. दोन्ही पंख पुढच्या काळात वेगळे झाले. शास्त्र वैद्यांच्या घरात पोथीत राहिलं, शस्त्र दुसऱ्यांच्या हातात गेलं.

कुणाच्या हातात?

न्हावी गळवं फोडत, तुंबड्या लावून रक्त काढत. हाडवैद्य हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधत. बाळंतपण सुईणीकडे. वैदू गावोगाव फिरत. मोतीबिंदू सुईने आत ढकलणारेही फिरते असत. त्यातून थोडी नजर येई, पण भिंग डोळ्यातच राही आणि पुष्कळदा डोळा पिकून जाई. ही सगळी विद्या बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे जाई. तिच्यात फार चांगलं होतं आणि फार वाईटही होतं. ते वेगळं करायला ना नोंद होती, ना तपासणारा कुणी.

मुंबईत पहिली वैद्यकीय शाळा कधी निघाली?

१८२६ मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना. डॉ. जॉन मॅकलेनन तिचे प्रमुख होते आणि शिक्षण देशी भाषांतून होतं. त्यांनी मराठीत वैद्यकाची पुस्तकं तयार करायचा खटाटोप केला. शाळा १८३२ मध्ये बंद करण्यात आली. मराठीतून वैद्यक शिकवण्याचा हा प्रयोग सहाच वर्षं चालला.

ग्रँट मेडिकल कॉलेजचं नाव कुणावरून, आणि तिथे शस्त्रक्रिया शिकवणं कसं सुरू झालं?

सर रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर. वैद्यकीय कॉलेज व्हावं म्हणून त्यांनी जोर लावला, पण १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ निधी जमला. सर जमशेटजी जीजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. जे. जे. रुग्णालय मे १८४५ मध्ये उघडलं आणि शेजारच्या कॉलेजचे वर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भरले. डॉ. चार्ल्स मोरहेड मुख्य होते आणि औषधशास्त्र म्हणजे मेडिसिन शिकवत. शरीररचना आणि शस्त्रक्रिया डॉ. जॉन पीट यांच्याकडे, रसायन डॉ. हर्बर्ट जिराड यांच्याकडे. माध्यम इंग्रजी.

भायखळ्याच्या त्या आवारातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कॉलेज आणि रुग्णालय एकाच कुंपणात होतं. सकाळी वर्गात ऐकलेलं दुपारी खाटेवर दिसे. आज हे साधं वाटतं, पण वर म्हटलेले दोन पंख इथे पुन्हा जोडले गेले.

मुलांना प्रेताला हात लावायला अडचण आली नाही का?

अडचण होतीच. विटाळाची भीती घराघरात होती आणि उच्चवर्णीय मुलाने प्रेत फाडलं तर बिरादरी काय म्हणेल हा प्रश्न खरा होता. तरी विच्छेदन अभ्यासक्रमात राहिलं आणि मुलांनी ते केलं. त्यांच्या या धाडसाचं कौतुक पुरेसं होत नाही. मृतदेह रीतसर मिळावेत म्हणून मुंबई प्रांतात शरीररचना कायदा मात्र १९४९ मध्ये आला.

इथे एक नाव सांगायलाच हवं. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे पुस्तक साऱ्या जगाला ठाऊक आहे. ते १८५८ मध्ये निघालं. त्यातली चित्रं ज्याने काढली तो हेन्री व्हँडाइक कार्टर त्याच साली मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकलमध्ये शरीररचना शिकवू लागला. पुढे १८६३ पासून काही वर्षं तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. पायाला सूज येऊन भोकं पडतात त्या बुरशीच्या रोगावर आणि कुष्ठरोगावर त्याने मोलाचं काम केलं. साताऱ्याच्या विद्यार्थ्यांना मी हे सांगितलं की त्यांची मान ताठ होते.

पहिले पदवीधर कोण?

१८५१ मध्ये आठजण उत्तीर्ण झाले. त्यात भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग तर्खडकर, अनंत चंद्रोबा आणि जुझे कामिलो लिस्बोआ होते. भाऊ दाजींचा जन्म गोव्यातला, पेडण्याजवळच्या मांद्र्याचा. त्यांनी मुंबईत गरिबांना मोफत औषध दिलं, कुष्ठरोगावर देशी औषधं तपासली, जुने शिलालेख वाचले. आत्माराम पांडुरंग प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक, लिस्बोआ वनस्पतिशास्त्रात नावाजले. मात्र सरकारी नोकरीत हे लोक ‘सब-असिस्टंट सर्जन’ या पायरीवर येत. वरच्या जागा इंग्रजी सेवेतल्या डॉक्टरांच्या.

पुण्यात कधी सुरू झालं?

डेव्हिड ससून यांच्या देणगीतून ससून रुग्णालय १८६७ मध्ये उभं राहिलं. १८७० च्या दशकात बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने वैद्यकीय शाळा निघाली. तिचं कॉलेज १९४६ मध्ये झालं. शाळेतून निघालेले डॉक्टर पदवीधर नसत, पण तालुक्याच्या दवाखान्यात गळू फोडणं, हाड बांधणं, अडलेली बाई सोडवणं हे काम त्यांनीच केलं.

गोव्यात मुंबईच्या आधी शिक्षण होतं म्हणतात, ते खरं का?

होतं. पोर्तुगिजांचं राजरुग्णालय १५१० पासूनचं आणि तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यक शिकवायचा प्रयत्न झाला होता. रीतसर ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’, म्हणजे वैद्यक-शस्त्रक्रिया शाळा, पणजीत १८४२ मध्ये स्थापन झाली. म्हणजे ग्रँट मेडिकलच्या तीन वर्षं आधी. नावातच शस्त्रक्रिया आहे हे लक्षात घ्या. तिथून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिकसारख्या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत गेले. पण खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तिथे पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं. मुंबईत शिकून जगभर पोहोचलेले विठ्ठल नागेश शिरोडकरही मूळचे गोव्याचेच. गर्भाशयाच्या मुखाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ १९५५ पासून त्यांच्या नावाने ओळखला जातो.

मिरजेचं एवढं नाव का?

विल्यम वानलेस यांच्यामुळे. हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन मिशनचे डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उघडलं आणि १८९७ मध्ये तिथेच तरुणांना शिकवायला सुरुवात केली. मिरज हे रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडचे रोगी गाडीने येत. मोतीबिंदूची, पोटाची कामं रांगेने होत. ज्याने तिथे उमेदवारी केली त्याचा हात बसला, असं जुने डॉक्टर सांगत. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची.

स्त्रिया कधी शिकू लागल्या?

ग्रँट मेडिकलने १८८३ मध्ये दार उघडलं. १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झालं, जिथे स्त्री-डॉक्टरच स्त्रियांवर उपचार करत. एडिथ पीची तिथल्या प्रमुख. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, पण काम सुरू करण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. रखमाबाई लंडनला शिकून १८९० च्या दशकाच्या मध्यावर परतल्या आणि सुरतेला वर्षानुवर्षं रुग्णालय चालवलं. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकलमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत, ही घरातली पुण्याई.

इंग्रजांनी देशी शस्त्रक्रिया बंद पाडली का?

बंदीचा हुकूम काढून पाडली असं नाही. शास्त्र आणि शस्त्राची फारकत आधीच झाली होती. पण नव्या व्यवस्थेने कुंभार, न्हावी, हाडवैद्य यांना शिकायला किंवा शिकवायला बाकावर जागा दिली नाही, हेही तितकंच खरं. १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांचीच नोंदणी सुरू केली. वैद्यांची नोंदणी १९३८ च्या कायद्याने आली. क्रूसो आणि फिंडले यांनी त्या पुण्याच्या माणसाकडे बघून लिहून घेतलं. त्याला कुणी वर्गात उभं करून शिकवायला सांगितलं नाही. ही संधी गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

हिंदी सर्जनांना प्राध्यापक व्हायला कधी मिळालं?

सरकारी कॉलेजात मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लोकांसाठी राखलेल्या असत. म्हणून दोन वाटा निघाल्या. असहकाराच्या काळात १९२१ मध्ये मुंबईत नॅशनल मेडिकल कॉलेज निघालं. पुढे ते टोपीवालांच्या नावाने नायर रुग्णालयाशी जोडलं गेलं. दुसरीकडे, गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी परळच्या वैद्यकीय कॉलेजासाठी देणगी देताना अट घातली की शिक्षक सरकारी सेवेबाहेरचे पात्र हिंदी डॉक्टरच असतील. परळचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं ते त्या अटीवर. त्याच केईएममध्ये १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं.

गांधीजींचं ऑपरेशन कंदिलाच्या उजेडात झालं का?

शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना ससूनला आणलं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, बॅटरीनेही दगा दिला आणि हरिकेन कंदील धरून काम पुरं करावं लागलं. ज्यांनी ग्रामीण रुग्णालयात रात्री सिझेरियन केलं आहे त्यांना ही परिस्थिती समजावून सांगावी लागत नाही.

हे सगळं आज कुठे पाहता येईल?

गांधीजींचं ऑपरेशन झालं ती ससूनमधली खोली जपलेली आहे. भायखळ्याला जे. जे.चं आवार आहे आणि राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलेलं संग्रहालय. मिरजेला वानलेस रुग्णालय. पणजीत मांडवीकाठी जुन्या गोवा मेडिकल कॉलेजची (जीएमसी) इमारत आहे, तिथे आता चित्रपट महोत्सव भरतो.

पुण्यात नाकाच्या शस्त्रक्रियेची पाटी कुठेही नाही. पण कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी बसलेली नाकं आणि वाकडी बोटं दुरुस्त करायला सुरुवात केली. ते इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या परंपरेत शिकून आले होते. पुण्याहून लंडनला गेलेली विद्या अशी दीडशे वर्षांनी पुण्याच्याच वेशीवर, ज्यांना गावाने बाहेर ठेवलं होतं त्या लोकांच्या चेहऱ्यावर परत आली.